आइस्ड टीमध्ये बर्फ टाकता ना? मग बोस्टनचं तळं कापून मुंबईपर्यंत बर्फ विकणारा हा माणूस माहिती पाहिजे

उन्हाळा लागला की घरोघरी आइस्ड टी सुरू होतो. चहा उकळायचा, गाळायचा, लिंबू पिळायचं आणि वरून मूठभर बर्फ. यातला चहा, साखर, लिंबू शेकडो वर्षांपासून मिळत होतं. नव्हता तो बर्फ. भर उन्हाळ्यात सामान्य माणसाच्या ग्लासात बर्फ पडावा, हा विचारच दोनशे वर्षांपूर्वी वेडेपणाचा होता.

हा वेडेपणा करणाऱ्याचं नाव फ्रेडरिक ट्यूडर. जग त्याला ‘आइस किंग’ म्हणून ओळखतं.

ट्यूडरचा जन्म ४ सप्टेंबर १७८३ चा, बोस्टनमधला. वडील नामांकित वकील, घर श्रीमंत. भाऊ हार्वर्डला गेले, पण फ्रेडरिकनं तेराव्या वर्षीच शाळा सोडली आणि धंद्याकडे वळला.

१८०१ मध्ये आजारी भावाला हवापालट म्हणून घेऊन तो क्यूबाला गेला. तिथला उकाडा दोघांनाही सोसवला नाही. पुढच्याच वर्षी तो भाऊ वारला. बोस्टनला हिवाळ्यात तळी गोठायची, लोक बर्फ कापून तळघरात साठवायचे आणि उन्हाळ्यात वापरायचे. जो बर्फ आपल्याकडे फुकट पडून आहे, तो उकाड्यात होरपळणाऱ्या लोकांना विकला तर? १८०५ साली ट्यूडरनं हे मनावर घेतलं.

बोस्टनकर हसले. बर्फ वितळून जहाज बुडेल या भीतीनं कुणी माल न्यायला तयार होईना. शेवटी त्यानं ४,७५० डॉलरला ‘फेव्हरिट’ नावाचं जहाजच विकत घेतलं. फेब्रुवारी १८०६ मध्ये सुमारे १३० टन बर्फ घेऊन ते कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाकडे निघालं.

बर्फ पोहोचला, पण धंदा बसला. कारण तिथल्या लोकांना बर्फाचं करायचं काय हेच ठाऊक नव्हतं. साठवायला जागाही नव्हती. डोळ्यांदेखत माल पाणी होऊन वाहून गेला. त्या एका फेरीत ट्यूडरला चार हजार डॉलरहून जास्त फटका बसला.

त्यात वडिलांचा पैसा जमिनीच्या व्यवहारात बुडाला. १८०७ साली अमेरिकेनं परदेशी व्यापारावर बंदी घातली, १८१२ साली ब्रिटनशी युद्ध पेटलं. कर्ज फेडता न आल्यानं ट्यूडर १८१२ आणि १८१३ मध्ये तुरुंगात गेला. बाहेर आला आणि पुन्हा बर्फच विकायला निघाला.

पण आता तो दोन गोष्टी शिकला होता.

पहिली, बर्फ टिकवायचा कसा. त्यानं दुहेरी भिंतींची बर्फघरं बांधली. जहाजात गवताऐवजी लाकडाचा भुसा भरला. हा भुसा म्हणजे लाकूड गिरण्यांचा कचरा, जवळपास फुकटचा. भुशात अडकलेली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. मोठा, घट्ट रचलेला बर्फाचा ढीग सुट्या तुकड्यांपेक्षा हळू वितळतो, हेही त्याच्या लक्षात आलं.

दुसरी, गिऱ्हाईक तयार कसं करायचं. पेय विकणाऱ्या दुकानदारांना तो सुरुवातीला बर्फ फुकट द्यायचा. एकदा गारेगार पेयाची चटक लागली की लोक कोमट पेयाकडे वळत नाहीत, हा त्याचा हिशोब होता. तो बरोबर निघाला.

१८२५ च्या सुमारास नॅथॅनिएल वाएथ या त्याच्या सहकाऱ्यानं घोड्यानं ओढायचा बर्फाचा नांगर बनवला. एकसारखे चौकोनी ठोकळे निघू लागले. कापणी स्वस्त झाली आणि जहाजात रचाईही पक्की झाली.

मग आली सगळ्यात मोठी उडी. १२ मे १८३३ ला ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सप्टेंबरमध्ये जहाज पोहोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता! गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंकनं ट्यूडरच्या प्रतिनिधीला चांदीचा चषक दिला. कलकत्त्यातल्या युरोपियन मंडळींनी वर्गणी काढून बर्फघर उभं केलं.

पाठोपाठ मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ आला. मुंबईतलं बर्फघर गोदीजवळ होतं, आज ते उरलेलं नाही. मद्रासचं मात्र मरीना किनाऱ्यावर उभं आहे. १८९७ मध्ये तिथे स्वामी विवेकानंद राहिले होते, म्हणून आज ते ‘विवेकानंदर इल्लम’ म्हणून ओळखलं जातं.

गंमत म्हणजे याच काळात ट्यूडर कॉफीच्या सट्ट्यात बुडाला. कर्ज दोन लाख डॉलरच्या वर गेलं. यावेळी त्याला तारलं ते भारतातल्या बर्फानं. जवळपास पंधरा वर्षं राबून त्यानं ते कर्ज फेडलं. पन्नाशीत लग्न केलं, सहा मुलं झाली आणि ६ फेब्रुवारी १८६४ ला वयाच्या ऐंशीव्या वर्षी तो वारला. ज्याला वेड्यात काढलं होतं, तो गेला तेव्हा लक्षाधीश होता.

पुढे बर्फ बनवणारी यंत्रं आली आणि तळ्यातल्या बर्फाचा धंदा संपला. पण लागलेली चटक राहिली. १८७९ मध्ये व्हर्जिनियातल्या एका पाककृतीच्या पुस्तकात आइस्ड टीची कृती छापलेली दिसते. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनानंतर तर तो अमेरिकाभर गाजला.

ट्यूडर आयुष्यभर ज्याच्याशी झगडला ते वितळणं आपल्या ग्लासातही सुरूच असतं. म्हणून घरी आइस्ड टी करताना चहापत्ती नेहमीच्या दुप्पट घ्या, पाच मिनिटांत गाळा म्हणजे कडवट होणार नाही, साखर गरम असतानाच विरघळवा आणि थोडा निवल्यावर बर्फावर ओता. बर्फ विरघळला तरी चहा पाणचट लागणार नाही.