गुणगुण गप्प करणारा माणूस

इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की आपल्याला वाजवणारे आठवतात. मला मात्र ज्याने गिटारच्या आतली वायर जोडली, त्याच्याबद्दल लिहायचंय. त्यांचं नाव सेथ लव्हर. जन्म १ जानेवारी १९१०, अमेरिकेतलं कलामाझू.

लव्हर मूळचे रेडिओवाले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. १९५२ मध्ये गिब्सन कंपनीत परतले. तेव्हाचं गिटारचं पिकअप म्हणजे एक चुंबक आणि भोवती तांब्याची बारीक तार. वरची स्टीलची तार हलली की फ्लक्स बदलतो आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. आपला फॅरेडेचाच नियम! पण तीच कॉइल आसपासच्या मेन्सची गुणगुणही पकडते. आमच्या अंथुर्ण्याच्या जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात असो की हॉस्टेलच्या रूममध्ये, ट्यूबलाइट लावली की ती 'घूंऽऽ' येतेच.

फिल्टर लावून चालत नाही. आपल्याकडची गुणगुण ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे फिल्टरमध्ये गाणंही जाणार.

लव्हर यांनी शेजारी शेजारी दोन कॉइल ठेवल्या. एकीला चुंबकाचा उत्तर ध्रुव वर, दुसरीला दक्षिण. जोडणीही एकमेकींच्या उलट. गुणगुण बाहेरून येते, तिला चुंबकाशी देणंघेणं नाही. ती दोन्हींत सारखीच शिरते आणि उलट जोडणीमुळे वजा होते. तारेचा सिग्नल मात्र चुंबकामुळे एकदा उलटतो, जोडणीमुळे पुन्हा उलटतो. वजा गुणिले वजा, बेरीज! दोनपैकी एकच गोष्ट उलटी केली तर सूर बारीक होतो. शिवाय कॉइल सिरीजमध्ये असल्याने इंडक्टन्स वाढतो, रेझोनन्स खाली येतो आणि आवाज जाड, उबदार होतो. हेच ते हमबकर.

२२ जून १९५५ ला पेटंटचा अर्ज झाला. पेटंट मिळालं २८ जुलै १९५९ ला, हक्क कंपनीकडे. मधल्या काळात पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' एवढंच स्टिकर असायचं. पुढे नंबर छापला, तोही भलताच, लेस पॉलच्या तारा अडकवायच्या पट्टीच्या पेटंटचा! त्याच सुमारास रे बट्स यांनीही ग्रेच कंपनीसाठी असंच पिकअप केलं होतं. स्टिकर पाहून लव्हर यांचं नाव कुणाला कळणार?

१९६७ मध्ये ते फेंडर कंपनीत गेले आणि तिथे वाइड रेंज नावाचं वेगळं हमबकर केलं. १९९७ मध्ये ते गेले. पन्नासच्या दशकातली ती स्टिकरवाली पिकअप्स आज हजारो डॉलरला विकली जातात. बनवणारा मात्र पगारी इंजिनिअर होता.

आपल्यापैकी बहुतेक जण उद्या पगारी इंजिनिअरच होणार आहोत. आपलं नाव वस्तूवर येईलच असं नाही. पण काम इतकं चोख असावं की सत्तर वर्षांनीसुद्धा कुणीतरी पाठीवरचा स्क्रू काढून विचारावं, हे जोडलं कुणी?