केडगावच्या रमाबाई

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असं आपल्या संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी शाहू महाराजांवर लिहीन असंच सगळ्यांना वाटलं असणार. कोल्हापुरात राहून ते शोभलंही असतं. पण महाराजांवर आपल्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी लिहितंच, आणि माझ्या मनात गेली चार वर्षं दुसरं नाव घर करून आहे. महाराज गेले ६ मे १९२२ ला. त्याच्या साधारण एक महिना आधी, ५ एप्रिलला, दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाई गेल्या. त्यांच्याविषयी लिहितो.

बँकेच्या नोकरीत मी तीन वर्षं दौंडला होतो. सुट्टी संपवून कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने परत जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागायचं. इथे रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, एवढं सहप्रवाशांकडून ऐकलं होतं. बाई विद्वान होत्या, ख्रिस्ती झाल्या, शाळेत एक धडा होता, यापलीकडे माहिती नव्हती आणि खरं सांगायचं तर करून घ्यावीशीही वाटली नाही. तीन वर्षांत एकदाही त्या स्टेशनवर उतरलो नाही.

२०२१ च्या मे महिन्यात माझी पत्नी कोरोनाने गेली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी त्या दिवसांत काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते उगाळत नाही. एवढंच सांगतो की पंचगंगेच्या घाटावर आम्ही घरचे दोघंच होतो आणि खांदा देणारी माणसं महापालिकेची होती. नंतर दोन-तीन महिने मी दार लावून बसून होतो. तेव्हा आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर (सगळी सोसायटी त्यांना सिस्टरच म्हणते, म्हणून नाव लिहीत नाही) एका संध्याकाळी आल्या, रमाबाईंचं एक जुनं चरित्र टेबलावर ठेवलं आणि चहासुद्धा न घेता गेल्या. प्रार्थना करा, चर्चला या, असलं काही त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी ते पुस्तक उघडलं नसतं.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून पंडितमंडळी उलटली, तेव्हा त्यांनी सह्याद्रीच्या रानात गंगामूळला आश्रम थाटला. तिथे २३ एप्रिल १८५८ ला रमाचा जन्म झाला. पुढे घरातला पैसा संपला आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगू लागलं. चालता चालता आई लेकीला संस्कृत शिकवी. भागवताचे हजारो श्लोक रमाला लहानपणीच पाठ झाले.

मग १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. पुराण ऐकून दक्षिणा देणार कोण? मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. उरलंसुरलं दानधर्मात आणि नवससायासांत घालवलं. भांडीकुंडी विकली. शेवटी रानात शिरून पाल्यावर आणि पाण्यावर दिवस काढले. दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. मुलगा श्रीनिवास मजुरीला जायला तयार झाला म्हणून ते थांबले, पण फार दिवस जगले नाहीत. त्यांच्यामागे आई आजारी पडली. तिला दोन घास मिळावेत म्हणून रमा एका घरी बाजरीची भाकरी मागायला गेली. ती बाई प्रेमाने बोलली, पण हिच्या तोंडून शब्दच फुटेना. २०१९ च्या पुरात आपल्या सोसायटीच्या नळाला पाणी नव्हतं, तेव्हा मी कळशी घेऊन टँकरपुढे उभा होतो आणि कुणी ओळखीचं बघू नये म्हणून मान खाली घातली होती. एका कळशीसाठी माझं असं झालं, तर या मुलीचं काय झालं असेल!

ती भाकरी आईच्या कामी आली नाहीच. तिच्या तिरडीला खांदा द्यायला चौघे मिळेनात. दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. तिची उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिने तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंत तशीच चालली. या पानावर मी पुस्तक मिटलं. दोन दिवसांनी परत उघडलं.

थोरली बहीणही त्याच सुमाराला गेली. उरलेली दोघं भावंडं हजारो मैल पायी फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून ती झोपत. या हिंडण्यात त्यांचा देवावरचा, नवसावरचा, पोथ्यांवरचा विश्वास हळूहळू सुटत गेला. इतकं सगळं शास्त्राप्रमाणे करूनही आईवडील उपाशी मेले, हे त्यांच्या मनातून जाईना.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. वीस वर्षांची मुलगी देशभर गाजली. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने मेधावी गेले. म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे संपले. कडेवर दहा महिन्यांची मुलगी राहिली.

पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली, आणि पुस्तकाच्या पैशातून १८८३ मध्ये विलायत गाठली. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानाने दगा दिला, ऐकू कमी येई. तिथे वॉन्टेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या. या भगिनींचा लंडनमध्ये फुलम इथे वाट चुकलेल्या बायकांसाठी आश्रम होता. ज्यांना समाज उंबऱ्याला उभं करत नाही, त्यांची सेवा घरच्या माणसासारखी चाललेली पाहून रमाबाई चकित झाल्या. हे कशासाठी करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. पाप्याला न झिडकारणारा देव त्यांना तिथे पहिल्यांदा दिसला. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आता यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपली समजूत अशी असते की धर्म बदलला, देव भेटला, की माणूस लगेच सुखी होतो. रमाबाईंचं तसं झालं नाही. त्या विलायतेतल्या भगिनींशीही भांडल्या, न पटलेलं मत कुणाच्या भिडेने मान्य केलं नाही. आणि पुढे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवलं की धर्म मिळाला तरी मनाला शांती मिळायला आणखी आठेक वर्षं लागली. शिकवत, हिंडत, वर्गणी गोळा करत असताना आतली पोकळी तशीच होती. आपण एकटे नाही आणि आपल्याला काही सिद्ध करायचं नाही, हा विश्वास त्यांना १८९१ च्या सुमाराला आला. मी हे वाचलं तेव्हा मला चार महिने झाले होते. मी स्वतःवर उगाचच चिडत होतो असं वाटलं.

मधल्या काळात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी त्या १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, आणि बॉस्टनच्या मंडळींकडून विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांच्या मदतीचं वचन घेऊन आल्या. बँकेत असताना मी अशा अर्जावर तारण काय म्हणून पहिला शेरा मारला असता. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. मग काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये वादळ झालं, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनीही अंग काढून घेतलं आणि पालकांनी मुली नेल्या. दोन्ही बाजू वाचल्यावर पालकांची भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्याआधी त्या मुलींना शाळेत घालायला कोण पुढे आलं होतं, हेही विचारावंसं वाटतं.

१८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी वाचून रमाबाईंना आपलेच दिवस आठवले आणि त्या तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, दलालांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगच्या नियमांमुळे एवढी माणसं ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या स्वतःच्या जमिनीवर नेल्या. आधी झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलाची घाणी, छापखाना सगळं बायकाच चालवत. आंधळ्यांना ब्रेल शिकवत. अकरा माणसांचा संसार चालवताना आपल्या सोसायटीत किती कुरबुरी होतात ते बघा, आणि इथे दोन हजार तोंडं, ठरलेलं उत्पन्न नाही!

शेवटची अनेक वर्षं रमाबाईंनी बायबल साध्या, बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यात घालवली. त्यासाठी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्या उतारवयात शिकल्या. कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. संस्थेचा सगळा भार मनोरमा उचलत होती, तीच पुढे चालवणार हे ठरलेलं. आणि २४ जुलै १९२१ ला मनोरमाच गेली. चाळीस वर्षांची होती.

या ठिकाणी मला वाटलं, आता बाई संपल्या. पण त्या रोज भाषांतराच्या कागदांपुढे बसत राहिल्या. शोक झाला नाही असं नव्हे, तब्येत झपाट्याने खचली. तरी काम थांबलं नाही. ते पूर्ण झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला, झोपेतच त्या गेल्या. चौसष्टाव्या वाढदिवसाला अठरा दिवस कमी होते. त्यांचं बायबल छापून १९२४ मध्ये बाहेर आलं. अक्षरं जुळवणाऱ्या बायकांत दुष्काळातून वाचून आलेल्या होत्या.

मी ख्रिस्ती झालेलो नाही. सकाळी अंबाबाईला नमस्कार करूनच बाहेर पडतो. पण गेल्या वर्षी पुण्याला मुलाकडे गेलो असताना लोकलने केडगावला उतरलो आणि मिशनच्या आवारात तासभर बसून आलो. मुलींची शाळा सुटत होती. सिस्टरांचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. त्यांनी मागितलेलं नाही.