आकाशीच्या संकेतांचे पारखी : डॉ. विक्रम साराभाई

आर्वी म्हटले की आपणा नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे वर्धा जिल्ह्यातील आर्वी उभी राहते. परंतु याच नावाचे एक गाव पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आहे. तेथील उपग्रह भूकेंद्राला ‘विक्रम’ हे नाव देण्यात आले. ज्यांच्या स्मरणार्थ ते दिले गेले, ते डॉ. विक्रम साराभाई म्हणजे भारतीय अवकाश संशोधनाचे जनक आणि जैन कुळात जन्मलेले एक थोर शास्त्रज्ञ. त्यांचे नाव आपण अग्निबाणांशी जोडतो. मात्र त्यांच्या वैज्ञानिक साधनेचा गाभा त्याहून सूक्ष्म होता. आकाशातून येणारा संकेत डळमळला, तर दोष उगमात आहे, वाटेत आहे की आपल्याच यंत्रात, हे नि:पक्षपातीपणे ठरविणे, ही ती साधना होय.

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे श्रीमाळी जैन गिरणीमालक कुटुंबात झाला. पिता अंबालाल व माता सरलादेवी यांनी मुलांच्या शिक्षणासाठी घरीच शाळा चालविली होती. पुढे विक्रमभाई केंब्रिजला गेले आणि १९४० मध्ये पदवीधर झाले. महायुद्धामुळे मायदेशी परतल्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. बंगळूर, पुणे व काश्मीरचा पर्वतप्रदेश येथे त्यांनी निरीक्षणे केली. १९४२ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नृत्यांगना मृणालिनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

या संशोधनातील अडचण समजून घेण्याजोगी आहे. एकावर एक ठेवलेल्या गायगर नळ्यांतून एकाच क्षणी कण गेला, तरच त्याची नोंद होई. दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी या नोंदींत जो फरक पडतो, तो शेकडा एकाहूनही कमी. हवेचा दाब बदलला, वातावरण तापले किंवा विजेचा दाब थोडा घसरला, तरी तेवढाच फरक दिसू शकतो. मग खरा संदेश कोणता आणि आभास कोणता? यासाठी अनेक उपकरणे एकाच वेळी चालवावी लागत. एकाच उपकरणाने बदल दाखविला, तर संशय त्या उपकरणावर. सर्वांनी दाखविला, तर दृष्टी आकाशाकडे वळवायची. पुढे अहमदाबाद येथे पूर्वेकडे व पश्चिमेकडे रोखलेली उपकरणे ठेवून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वातावरणाचा परिणाम आणि बाहेरून येणारा बदल वेगळे करण्याचा प्रयत्न केला.

१९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबर रोजी अहमदाबाद येथे भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. डॉ. के. आर. रामनाथन तिचे पहिले संचालक होते. आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरी वातावरणाच्या विद्युतभारित थरातून येताना किती क्षीण होतात, याचीही मापने तेथे झाली. संकेतातील उणीव कित्येकदा उगमात नसून मार्गात असते, हे अशा मापनांतून स्पष्ट होते.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण झेपावला. या कार्यात एकनाथ चिटणीस, प्रमोद काळे आणि पुढे वसंत गोवारीकर अशा मराठी तरुणांना विक्रमभाईंनी मोठ्या जबाबदाऱ्या दिल्या. १९६६ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या अपघाती निधनानंतर अणुऊर्जा आयोगाची धुराही त्यांच्याकडे आली. १५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अवकाश संशोधन संघटना अस्तित्वात आली.

देशाजवळ स्वतःचा उपग्रह नव्हता, तेव्हाच विक्रमभाईंनी जमिनीवरील केंद्रांकडे लक्ष दिले. १९६७ मध्ये अहमदाबादला प्रायोगिक उपग्रह दळणवळण भूकेंद्र सुरू झाले. त्यानंतर आर्वीचे केंद्र उभारण्याचा प्रश्न आला. सारे काम परदेशी कंपनीच्या हाती सोपविणे सोपे होते. परंतु ते आपल्याच अभियंत्यांनी करावे, असा विक्रमभाईंचा आग्रह होता. सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी असलेले हे केंद्र १९७१ मध्ये कार्यान्वित झाले.

या आग्रहामागील व्यावहारिक अर्थ ध्यानी घेतला पाहिजे. हजारो किलोमीटरवरील उपग्रहाचा संकेत अतिशय दुर्बल असतो. तबकडीची दिशा किंचित ढळली, पावसाने लहरी शोषल्या, विषुवदिनाच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहामागे आला किंवा ग्राहकयंत्राची स्वतःचीच खरखर वाढली, तरी तो हरवू शकतो. अशा वेळी तबकडी शर्मिष्ठा तारकासमूहातील ज्ञात प्रबळ रेडिओ स्रोताकडे वळवितात, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे. दोहोंतील फरक अपेक्षेप्रमाणे आला तर केंद्र निर्दोष. न आला तर दोष आपल्या घरात! पण घरातील दोष कोणत्या खोलीत आहे, हे घर बांधणाऱ्यालाच लवकर उमगते. विकत घेतलेले यंत्र संकेत देते. स्वतः उभारलेले यंत्र संकेत का बिघडला हेही शिकविते.

दुर्दैवाने ही फळे पाहण्यास विक्रमभाई फार काळ राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे अकस्मात निधन झाले. उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरदर्शन पोहोचविण्याचे त्यांचे स्वप्न १९७५-७६ मध्ये सुमारे २४०० गावांत साकार झाले. १९७२ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आर्वीच्याच परिसरात, नारायणगावजवळील खोडद येथे पुढे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या तबकड्या तीस, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय ‘स्कियापरेली’ यानाची क्षीण हाक या दुर्बिणीने ऐकली आणि उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या किंचित आधी ती थांबली. बिघाड दुर्बिणीत होता काय? मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या नोंदींतही संकेत तेथेच तुटलेला आढळला. दोन स्वतंत्र साक्षींनी निर्णय दिला : खोडदचे यंत्र निर्दोष, यानच कोसळले होते. अनेक उपकरणांची साक्ष घेण्याची ही रीत विक्रमभाईंच्या प्रयोगशाळेतलीच!

७ सप्टेंबर २०१९ रोजी त्यांचेच नाव धारण करणारे ‘विक्रम’ अवतरक यान चंद्राच्या अगदी जवळ असताना नि:शब्द झाले. सारा देश हळहळला. शास्त्रज्ञांनी मात्र मिळालेला प्रत्येक आकडा तपासला, इंजिनांचा रेटा अपेक्षेहून अधिक झाल्याचे शोधले आणि सुधारणा केल्या. २३ ऑगस्ट २०२३ रोजी दुसरे ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात सुखरूप उतरले.

आपल्या नागपुरातही १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमा शेती, पाणी व वनांच्या अभ्यासासाठी वापरत आले आहे. अवकाश विज्ञान सामान्य माणसाच्या कामी यावे, हा विक्रमभाईंचा ध्यास त्यातून प्रत्ययास येतो. आपल्या समाजातील विद्यार्थ्यांनी त्यांच्या चरित्रातून कीर्तीपेक्षा ही शिस्त घ्यावी : यश हरवले की आकाशाला बोल लावण्याआधी आपले यंत्र तपासावे, आणि ते तपासता यावे म्हणून स्वतःच्या हातांनी घडवावे. या थोर विज्ञानसाधकास विनम्र अभिवादन!