रुग्णशय्येपाशी

आज मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात अत्यवस्थ रुग्ण परिचारिकेच्या नजरेच्या टप्प्यात ठेवलेले असतात. तेथील यंत्रे विसाव्या शतकातली आहेत. परंतु अशा रुग्णावर अखंड लक्ष हवे आणि शरीराबरोबर त्याचे मनही जपले पाहिजे, हा विचार त्याहून जुना आहे. तो आग्रहाने मांडणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचे नाव अग्रभागी येते.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात एका धनिक इंग्रज कुटुंबात झाला. नगराचेच नाव मुलीला मिळाले. त्या काळी इंग्लंडात परिचारिकेचा व्यवसाय हलका समजत; त्यामुळे घरच्यांनी तिच्या इच्छेला वर्षानुवर्षे विरोध केला. अखेर १८५१ साली तिने जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे शिक्षण घेतले. १८५३ साली लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हाती येताच, प्रत्येक मजल्यावर गरम पाणी असावे आणि घंटा वाजताच कोणत्या रुग्णाने बोलावले ते परिचारिकेस कळावे, असा आग्रह नाइटिंगेलबाईंनी धरला.

पुढल्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांचे हाल इंग्लंडात कळू लागले. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह बाई तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. बराकीचेच रुग्णालय केलेले होते. अंथरुणे अपुरी, उंदरांचा सुळसुळाट आणि इमारतीखाली तुंबलेली गटारे! काळ्या समुद्रापलीकडून जहाजे भरभरून रुग्ण येत. शस्त्रक्रिया इतरांच्या देखतच चालत. आज शेजाऱ्याला शस्त्राखाली प्राण सोडताना ज्याने पाहिले, त्याचा पाय उद्या कापावयाचा असला, तर त्याचे धैर्य खचणार आणि जगण्याची आशाही उणावणार, हे बाईंनी ओळखले. त्यांनी आडपडद्याची तजवीज केली. साधीच गोष्ट, पण तोवर ती कोणाला सुचली नव्हती. रात्री हाती कंदील घेऊन त्या रुग्णांमधून फिरत; मरणोन्मुख सैनिकांच्या घरी पत्रे लिहीत.

तरीही माणसे मरतच होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये १०० रुग्णांमागे सुमारे ४२ दगावले. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे उपसली, हवा खेळती केली आणि जूनपर्यंत हे प्रमाण १०० मागे सुमारे २ वर आले. युद्धानंतर बाईंनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार ह्यांच्यासह आकडे तपासले. ज्यांच्या उशाशी आपण बसलो, त्यांतील कित्येकांचा बळी रुग्णालयातल्या घाणीनेच घेतला, हे कटू सत्य त्यांना पत्करावे लागले. ते त्यांनी झाकले नाही. उलट आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढे मांडले.

मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हा येथे त्यांना स्वतःला घोर ज्वर आला होता. मायदेशी परतल्यावर आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी बिछान्यातच काढली. रुग्णाला काय वाटते, हे आता त्यांना दुसऱ्याकडून ऐकावयाचे उरले नव्हते. शुश्रूषेवरील त्यांच्या १८५९ सालच्या पुस्तकात म्हणूनच औषधांपेक्षा लहान-लहान गोष्टींना अधिक जागा आहे. रुग्णाला पहिल्या झोपेतून उठवू नये. अवचित आवाज करू नये. दाराबाहेर कुजबुजू नये, कारण ती आपल्याविषयीच आहे असे वाटून तो कान टवकारतो. त्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसून बोलावे. खाटेला रेलू नये. त्याच त्या भिंती पाहून मन विटते, म्हणून खिडकीतून बाहेरचे काही दिसावे, जवळ फुले असावीत. घंटा आणि यंत्रांचे इशारे रात्रंदिवस वाजत असलेल्या आजच्या विभागातील रुग्णालाही यांतील एकेक सूचना मोलाची वाटेल.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका-शाळा सुरू झाली. रुग्णालयांवरील त्यांच्या ग्रंथाच्या १८६३ सालच्या आवृत्तीत, शस्त्रक्रियागृहालगतच्या खोलीत रुग्णाला सावरेपर्यंत ठेवण्याच्या प्रथेची नोंद आहे. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. तरी येथील आरोग्याविषयी अंथरुणातूनच त्यांनी पुष्कळ लेखन केले.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर मठात दफनाचा मान देऊ केला होता. तो नातलगांनी नाकारला. ईस्ट वेलो ह्या लहानशा गावी त्यांचे दफन झाले. तेथील शिळेवर त्यांचे पूर्ण नाव नाही; केवळ आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.