श्रीशाहू छत्रपती आणि जातिभेदाचे निर्मूलन

करवीरचे छत्रपती शाहू महाराज यांचे नाव आपल्या ज्ञातीतील लहानथोर सर्वांस परिचित आहे. परंतु पुष्कळांच्या स्मरणात असतात ती त्यांची वसतिगृहे आणि खासबागेतील कुस्तीचे मैदान. स्वतःच्या अपमानापासून आरंभ करून हा राजा इतरांच्या अपमानापर्यंत कसा जाऊन पोहोचला, हा त्यांच्या चरित्रातील खरा विचार करण्याजोगा भाग होय.

महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते करवीरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण होऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी दरबारच्या कारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे होते.

१८९९ मध्ये पंचगंगेवरील स्नानप्रसंगी उपाध्याय आपणांसाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणतात, ही गोष्ट महाराजांच्या लक्षात आली. छत्रपतींच्या गादीवरील पुरुषासही शूद्र लेखले जात होते! वाद विकोपास गेला आणि राजोपाध्यांचे वतन जप्त झाले. महाराज येथेच थांबते, तर हे प्रकरण केवळ एका राजघराण्याच्या मानापमानाचे ठरले असते. परंतु जेथे राजाची ही अवस्था, तेथे गावकुसाबाहेरील माणसाची काय असेल, हा प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

२६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम प्रसिद्ध झाला. त्याअन्वये यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या.

जागा राखल्या तरी त्या भरण्यास शिकलेली मुले हवीत. सर्व जातींसाठी म्हणून १८९६ साली काढलेल्या वसतिगृहात बहुतेक एकाच वर्गाची मुले राहू लागली, हा अनुभव महाराजांच्या गाठीस होता. म्हणून १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी निरनिराळी वसतिगृहे निघाली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांना या इतिहासाचा अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. मात्र वसतिगृह जातीचे असले तरी महाराजांचा हेतू जात पक्की करण्याचा नव्हता. माडीवर चढण्यासाठी लावलेली ती शिडी होती. आपण शिडीलाच घर समजून बसलो आहोत काय, हे ज्ञातिबांधवांनी स्वतःस विचारून पाहावे.

१९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये त्याहूनही मोठे पाऊल पडले. अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत, सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला. वर्गात आपणांस कोठे बसविले जाते, यावरून मुलास आपली किंमत कळते. शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसास हे निराळे सांगावे लागत नाही.

कायद्याने जे करता येईल ते महाराजांनी पुष्कळ केले. १९१८ साली महार वतन बंद करून जमिनी त्या लोकांच्या नावे रयतावा केल्या आणि त्यांस वेठबिगारीतून सोडविले. कुलकर्णी वतनाच्या जागी पगारी तलाठी आले. दवाखाने, पाणवठे, कचेऱ्या येथे अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम १९१९ साली सुटले. ज्या नोकरास हे मान्य नसेल, त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा; त्यास निवृत्तिवेतन मिळणार नाही, इतकी त्यांची भाषा स्पष्ट होती.

पण मन हुकमाने बदलत नाही, हे महाराज जाणून होते. त्यांच्याच पागेतील गंगाराम कांबळे या नोकराने पाण्याच्या हौदास स्पर्श केला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यास बेदम मारले. हे कळताच महाराज संतापले. त्यांनी मारणाऱ्यांस शासन केले आणि गंगारामास स्वतंत्र धंदा काढण्यास मदत दिली. गंगारामाने कोल्हापुरात चहाचे दुकान थाटले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराजांची गाडी त्या दुकानापुढे उभी राहू लागली. महाराज स्वतः चहा पीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांसही पाजीत. राजाने पेला तोंडास लावल्यावर मानकरी नाही कसे म्हणणार? कितीजणांच्या घशाखाली तो घोट सुखाने उतरला असेल, देव जाणे!

२१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण डॉ. आंबेडकर. महाराज स्वतः परिषदेस गेले आणि तुम्हांस तुमच्यातलाच पुढारी लाभला, याबद्दल त्यांनी जमलेल्या लोकांचे अभिनंदन केले. दुसऱ्याच्या पुढारीपणावर इतका निर्मळ आनंद मानणारे राजे विरळा.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पुढे काही वर्षांतच कोल्हापुरातील नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभे राहिले. त्यासाठी पुढाकार घेतला तो सरदार-मानकऱ्यांनी नव्हे, तर गंगाराम कांबळे यांनी.