वनराईचा वकील

कायदा हा धनवंतांचा दास, असा समज रूढ आहे. रॉबर्ट हंटर (१८४४–१९१३) या इंग्रज वकिलांनी तो खोटा ठरविला. लंडननजीकच्या एपिंग अरण्यात जमीनदारांनी कुंपणे घातली, तेव्हा सिटी कॉर्पोरेशनला तेथील आपल्या जमिनीमुळे लाभलेला गुरेचराईचा प्राचीन हक्क हेच हंटर यांनी शस्त्र केले. १८७४ साली ती कुंपणे बेकायदा ठरली. १८७८ च्या कायद्याने अरण्य जनतेस खुले झाले. परंतु खटला जिंकल्याने भूमीस कायमचा राखणदार मिळत नाही, हे ओळखून १८९५ मध्ये त्यांनी ऑक्टेव्हिया हिल व कॅनन रॉन्स्ली यांच्यासह नॅशनल ट्रस्ट स्थापिला. कोमुनिदादीच्या जमिनींवरील अतिक्रमणे पाहणाऱ्या गोमंतकातील तरुण वकिलांनी हे चरित्र अभ्यासावे, असे आम्हांस वाटते. जुन्या वहिवाटीच्या दप्तरांतही उद्याचे रान सुरक्षित असते.