जय भीम म्हणण्याआधी बाबू हरदास वाचा

नवेगाव बांधच्या आसपासच्या गावांतील मुले-मुली आम्हाला नेहमी विचारतात, चरित्र वाचायचे तर सुरुवात कोणापासून करू? उत्तर ठरलेले असते, बाबासाहेबांपासून. ते बरोबरच आहे. पण गेली काही वर्षे तरुणांबरोबर काम करताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली. बाबासाहेबांचे चरित्र वाचून मुले भारावतात आणि मग मनातल्या मनात म्हणतात, हे आपल्याच्याने कुठे होणार? कोलंबिया कुठे, लंडन कुठे आणि आपला अर्जुनी मोरगाव तालुका कुठे! आदर वाढतो, पण पाऊल उचलले जात नाही.

म्हणून आम्ही आता बाबासाहेबांच्या चरित्राच्या जोडीला आणखी एक चरित्र वाचायला सांगतो. ते कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांचे आहे. परदेशी पदवी नाही, वकिली नाही, मोठे घराणे नाही. शिक्षण मॅट्रिक. आयुष्य अवघे ३५ वर्षे आणि सहा दिवसांचे. पण दिवसातून दहा वेळा आपल्या तोंडी येणारा शब्द याच माणसाने समाजात रुजवला. २०२१ मध्ये त्या नावाचा तमिळ चित्रपट आला आणि जगभर जय भीम पोहोचले. आपल्या मुलांना त्या चित्रपटातला नट माहीत आहे, वकील माहीत आहे. दीडशे किलोमीटरच्या आतला हा आपला माणूस मात्र बहुतेकांना फक्त नावाने माहीत आहे.

कामठीचा मुलगा

गोंदियाहून नागपूरकडे रेल्वेने निघालो की कन्हान नदीचा पूल ओलांडल्यावर कामठी लागते. इंग्रजांची लष्करी छावणी असलेले हे गाव. छावणी, रेल्वे आणि नागपूरच्या कापड गिरण्या यांमुळे या भागातील महार समाजाला गावकीबाहेरचा रोजगार थोडा आधी मिळाला. रोख मजुरी हातात आली, काहींना शाळा दिसली. हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ रोजी इथेच झाला. वडील रेल्वेत कारकून होते. नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून हरदास मॅट्रिक झाले. त्या काळात अस्पृश्य मुलाने मॅट्रिक होणे ही सोपी गोष्ट नव्हती. नागपुरात आर्य समाजाच्या स्वामी ब्रह्मानंदांकडे ते संस्कृतही शिकले. जी भाषा आपल्या कानावर पडू नये अशी व्यवस्था होती, ती त्यांनी शिकून घेतली. १९२० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांचे साहूबाईंशी लग्न झाले.

पुढच्याच वर्षी, सतराव्या वर्षी, त्यांनी नागपूरहून महारठ्ठा नावाचे साप्ताहिक सुरू केले. आज सतरा वर्षांचा मुलगा बारावीत असतो. हातात मोबाईल असतो, लिहिलेले क्षणात हजार लोकांपर्यंत जाते. हरदासांना कागद विकत घ्यावा लागत होता, छापखान्याचे पैसे भरावे लागत होते आणि ज्यांच्यासाठी अंक काढायचा त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशी ती पत्रकारिता होती.

१९२२ मध्ये त्यांनी महार समाज पथक उभे केले. विखुरलेले तरुण एकत्र यावेत, वस्तीवर अन्याय झाला तर धावून जाणारे कोणी असावे, हा त्यामागचा हेतू. स्त्रियांसाठी त्यांनी महिला आश्रम काढला. १९२४ मध्ये मंडळ महात्मे हे पुस्तक लिहिले आणि फुकट वाटले. देवादिकांच्या खेळ-तमाशांवर पैसा आणि रात्री घालवणाऱ्या आपल्याच लोकांना विचार करायला लावणे हा त्याचा उद्देश होता. १९२७ मध्ये कामठीत रात्रशाळा आणि संत चोखामेळा यांच्या नावाचे वाचनालय सुरू झाले. दिवसभर राबणाऱ्या मुलांनी रात्री शिकायचे, आणि त्यांत मुलीही होत्या.

हे सगळे करताना त्यांचे वय तेवीस-चोवीसपर्यंतच होते. पुढे ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले, तेव्हा त्यांच्यामागे आधीच एक वर्तमानपत्र, एक पथक, एक आश्रम, एक शाळा आणि एक वाचनालय होते.

पोटजाती आणि एक पंगत

विदर्भात महार समाज पोटजातींत वाटलेला होता. बावणे, लाडवण, बारके, कोसरे ही नावे आजच्या मुलांनी क्वचित ऐकली असतील, पण लग्न जुळवताना काही घरांत अजूनही ती दबक्या आवाजात विचारली जातात, हे आपण सगळे जाणतो. तेव्हा तर एकमेकांच्या पंगतीला बसणेही नको होते. हरदासांनी चोखामेळ्याच्या पुण्यतिथीला दरवर्षी सहभोजन ठेवले. सर्व पोटजातींनी एका पंगतीत जेवायचे. भाषणाने जे जमत नाही ते एका पंगतीने जमते, हे त्यांना कळले होते.

रामटेकच्या प्रश्नावरही त्यांची भूमिका समजून घेण्यासारखी आहे. १९२७ मध्ये तिथे किसन फागुजी बनसोडे यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. मूर्तिपूजा सोडा, अंबाळ्याच्या घाण पाण्यात पुण्यासाठी बुड्या मारणे थांबवा, अशी भूमिका हरदासांनी तिथे घेतली. आणि १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्यांनीच आपल्या भागातून कार्यकर्त्यांची तुकडी पाठवली. काहींना यात विसंगती वाटते. आम्हाला वाटत नाही. देवाची गरज नसणे हा विचाराचा प्रश्न आहे, दार बंद असणे हा हक्काचा प्रश्न आहे. दोन्ही लढाया एकच माणूस लढू शकतो.

तेंदूचे पान आणि बिडी

आपल्या भागातील वाचकांनी हरदासांच्या आयुष्याचा जो भाग सर्वांत लक्ष देऊन वाचावा, तो बिडी मजुरांचा आहे.

नवेगाव बांधच्या जंगलात मे महिन्यात पहाटे चारला माणसे तेंदूची पाने तोडायला निघतात. घरी आणून ७० पानांचे एक पुडके बांधतात आणि संकलन केंद्रावर मोजून देतात. या पानांतूनच बिडी बनते. जुन्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या भंडारा आणि गोंदियात, बिडीवर कित्येक पिढ्या जगल्या. बिडी वळणाऱ्यांत आपला समाज मोठ्या संख्येने होता आणि त्यांत बाया व लहान मुलेही होती.

या धंद्यातील शोषण साधे आणि पक्के होते. कारखानदार आणि मजूर यांच्यामध्ये ठेकेदार. पान आणि तंबाखू तो मोजून देणार, बिड्या तो मोजून घेणार. मजुरी हजार बिड्यांवर. माल मोजताना काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढायच्या, त्यांचे पैसे द्यायचे नाहीत, बिड्या मात्र ठेवून घ्यायच्या. पान कमी पडले तर मजुराने स्वतःच्या पैशाने आणायचे. काम घरोघरी विखुरलेले, त्यामुळे मजूर एकमेकांना भेटत नाहीत आणि तक्रार एकट्याची राहते. आजारी पडले तर काम बंद आणि चूलही बंद.

हरदासांनी या विखुरलेल्या लोकांना एकत्र आणले. बिडी मजुरांचा संघ बांधला. ठेकेदाराला वगळून मजुरांनीच सहकारी पद्धतीने बिडीचे काम करावे, असा प्रयत्न त्यांनी नागपूर आणि रामटेकच्या बाजूला सुरू केला, आणि ते लोण भंडारा, चांदा, छिंदवाडा या भागांत पोहोचले. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातापर्यंत हे काम आले होते.

बिडी मजुरांसाठी देशपातळीवरचा कायदा झाला तो १९६६ मध्ये आणि कल्याण निधीचा कायदा १९७६ मध्ये. हरदास त्याच्या तीस-चाळीस वर्षे आधी हे काम करत होते. जातीचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न वेगळे करता येत नाहीत, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. हजारी मोजणाऱ्याचा हात आणि विहिरीवर अडवणारा हात यांच्यामागे एकच व्यवस्था आहे, हे त्यांनी कामठीत पाहिले होते.

बाबासाहेबांचा विदर्भातील सैनिक

८ ऑगस्ट १९३० रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य वर्गाची अखिल भारतीय परिषद झाली. हरदास तोपर्यंत त्यांच्या कामात पूर्ण उतरले होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी कोण हा वाद पेटला. गांधीजींनी तो मान स्वतःकडे घेतला. तेव्हा हरदासांनी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांना तार केली की आमचे प्रतिनिधी डॉ. आंबेडकर आहेत, आणि ठिकठिकाणच्या पुढाऱ्यांनाही तशा तारा करायला लावल्या. एका माणसाची तार बाजूला पडू शकते. अनेक गावांहून आलेल्या तारा बाजूला टाकता येत नाहीत.

१९३२ मध्ये राजा-मुंजे करार पुढे आला. संयुक्त मतदारसंघ स्वीकारा, असे त्यात होते. त्या गोंधळात ७ मे १९३२ रोजी कामठीत अस्पृश्य वर्गाची परिषद भरली. स्वागताध्यक्ष हरदास होते. परिषद स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीमागे उभी राहिली. हजारो माणसांचे राहणे, खाणे, मंडप, बंदोबस्त हे सारे एका गरीब वस्तीने उचलले. आज एक प्रबोधन मेळावा घेताना वर्गणीसाठी आपली किती दमछाक होते, ते ज्यांनी केले आहे त्यांना याची किंमत कळेल.

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत नागपूर-कामठी भागातून हरदास मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. अर्ज मागे घ्यावा म्हणून त्यांना पैसा दाखवला गेला, दमदाटीही झाली आणि ते हलले नाहीत, असे त्या भागात आजही सांगितले जाते. तेव्हा त्यांचे वय तेहेतीस होते.

एक शब्द

आता जय भीमबद्दल. आपल्या माणसाने वरच्या जातीच्या माणसाला जोहार घालायचा, वाकून घालायचा, अशी रीत होती. आपसांत रामराम चाले. मुसलमान बांधव एकमेकांना सलाम करतात तेव्हा लहान-मोठा भेद राहत नाही, हे हरदासांनी कामठीत रोज पाहिले होते. आपल्या लोकांनाही असे एक अभिवादन हवे, या विचाराने त्यांनी एका मौलवींशी चर्चा केली, असे सांगतात. त्यातून जय भीम आले. उत्तरादाखल बल भीम म्हणावे असे आधी ठरले होते. पुढे दोन्ही बाजूंनी जय भीमच रूढ झाले. संघाचे, पथकाचे आणि पक्षाचे कार्यकर्ते गावोगावी फिरले आणि त्यांच्याबरोबर तो शब्दही फिरला.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी रात्रशाळा, पंगत, मजूर संघ, परिषद. मग तो शब्द. ज्या माणसांनी एकत्र जेवून आणि एकत्र लढून एकमेकांना बरोबरीचे मानले, त्यांना त्या बरोबरीसाठी अभिवादन हवे होते. म्हणून ते टिकले. आज आपण तो शब्द मोटारसायकलवर लिहितो, स्टेटसला ठेवतो, डीजेवर वाजवतो. त्यात आनंद आहे, आम्ही त्याला नाक मुरडत नाही. पण गावातील तेंदू मजुराच्या पुडक्यांची मोजणी चुकत असेल, आणि केंद्रावर उभा असलेला आपलाच तरुण गप्प राहत असेल, तर त्याच्या जय भीमला काय अर्थ उरतो?

हरदासांना क्षयरोग झाला. त्या रोगावर गुणकारी ठरलेले पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले ते १९४३ मध्ये. हरदास १२ जानेवारी १९३९ रोजी गेले. कामठीला कन्हान नदीच्या काठी त्यांचे स्मारक आहे आणि दर जानेवारीत तिथे माणसे जमतात. १९५४ मध्ये बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि १९५६ मध्ये नागपुरात धम्मदीक्षा झाली. यांतले काहीच हरदासांना पाहता आले नाही. पण दीक्षाभूमीवर लाखोंच्या तोंडी जो जयघोष होता, तो त्यांचा होता.

आता काय वाचावे, काय करावे

पी. टी. रामटेके यांनी बाबू हरदासांचे चरित्र मराठीत लिहिले आहे, ते मिळवा. त्यांच्यावर २०१६ मध्ये बोले इंडिया जय भीम हा चित्रपटही आला. त्यानंतर वसंत मून यांचे वस्ती वाचा, नागपूरच्या वस्तीतून चळवळ कशी उभी राहिली ते दिसेल. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे आम्हीही इतिहास घडवला हे पुस्तक मुलींनी आणि मुलांनीही वाचावे, चळवळीतील स्त्रियांची आयुष्ये त्यात आहेत. मग चांगदेव खैरमोडे यांचे बाबासाहेबांचे खंड हाती घ्या. या क्रमाने गेलात तर बाबासाहेब दूरचे वाटणार नाहीत, कारण त्यांच्याभोवती उभी असलेली आपल्यासारखी माणसे तुम्हाला आधीच भेटलेली असतील.

आणि एक काम विहारातील प्रत्येक तरुण गटाने करावे. आपल्या गावात ज्यांनी बिड्या वळल्या, ज्यांनी १९५६ नंतर गावकीची कामे सोडली, ज्यांनी पहिली जयंती काढली, त्यांतले काही आजी-आजोबा अजून आहेत, काहींची मुले आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन बसा. नाव, साल, मजुरी, कोणाशी भांडण झाले, कोण पाठीशी उभे राहिले, सगळे लिहून घ्या. मोठ्या माणसांची चरित्रे कोणीतरी लिहिली म्हणून ती आपल्याला वाचता आली. नवेगाव बांधच्या माणसांची चरित्रे लिहायला बाहेरून कोणी येणार नाही.

येत्या ६ जानेवारीला हरदासांच्या फोटोला हार घालाच. त्याआधी त्यांच्याबद्दल दहा पाने वाचा आणि विहारात पाच मुलांना सांगा. सतराव्या वर्षी त्यांनी सुरुवात केली होती. तुमचे वय किती आहे?

जय भीम.